नको असलेलं ॲप मुळासकट काढायचं तर

डिचोलीच्या एका प्राथमिक शाळेतल्या बाईंनी विचारलं आहे: ‘मराठी टायपिंगसाठी एक मोफत सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. त्याच्याबरोबर पीसी साफ करणारं एक ॲप न मागता आलं. लॅपटॉप सुरू केला की ते उघडतं, शेकडो चुका सापडल्याचं सांगतं आणि दुरुस्तीसाठी पैसे मागतं. डेस्कटॉपवरचा आयकॉन पुसला, सी ड्राइव्हमधला त्याचा फोल्डर उडवला, तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. क्रोम उघडलं की भलतंच सर्चचं पान येतं. विंडोज ११ आहे. मुलांचे निकाल आणि पालकांचे फोन नंबर याच लॅपटॉपवर आहेत. फॉरमॅट मारू का?’

बाई, फॉरमॅट मारू नका. तुम्ही सांगताय त्यावरून तरी त्याची गरज दिसत नाही. आणि त्या ॲपला एक रुपयाही देऊ नका. ते ज्यांना ‘चुका’ म्हणतं त्या बहुतेक वेळा ब्राउझरच्या कुकीज, तात्पुरत्या फायली आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, निरुपद्रवी नोंदी असतात. कालच विंडोज घातलेल्या कोऱ्या मशीनवरही अशी ॲप्स लाल अक्षरांत मोठा आकडा दाखवतात. तो आकडा घाबरवण्यासाठीच असतो. फोंड्यात माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपांमध्ये खऱ्या व्हायरसपेक्षा असल्या ॲप्सचाच भरणा जास्त असतो, आणि लोकांनी त्यांना पैसे भरलेले पाहिले की वाईट वाटतं.

आधी ‘पूर्ण काढणं’ म्हणजे काय ते ठरवू, कारण इथेच गल्लत होते. ॲपचं काहीही आपोआप चालता कामा नये, ते पुन्हा उगवता कामा नये, आणि त्याने बदललेल्या सेटिंग्ज पूर्ववत व्हायला हव्यात. एवढं झालं की ॲप गेलं. मागे एखादा रिकामा फोल्डर किंवा रजिस्ट्रीत एखादी अनाथ ओळ उरली तर तिच्याने मशीन मंदावत नाही. त्या शेवटच्या कणाच्या मागे लागूनच लोक चांगलं चाललेलं विंडोज बिघडवून बसतात.

तुमचं ॲप परत का आलं? डेस्कटॉपवरचा आयकॉन हा फक्त शॉर्टकट असतो. तो पुसल्याने ॲपला काहीच होत नाही. फोल्डर उडवल्याने मुख्य फायली गेल्या, पण इन्स्टॉल होताना ॲपने स्वतःला आणखी चार-पाच ठिकाणी नोंदवलेलं असतं: रजिस्ट्री, टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी कामं चालवणारा), सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम), ब्राउझर, आणि प्रोग्रॅमडेटा व ॲपडेटा हे दोन लपलेले फोल्डर. त्यातला एखादा छोटा ‘अपडेटर’ जिवंत राहिला की तो लॉगिन होताच इंटरनेटवरून सगळं पुन्हा उतरवून घेतो. कुळागरात केळ कापली तरी कंदातून पिलं फुटत राहतात, तसंच हे. म्हणून आधी ॲपचा स्वतःचा अनइन्स्टॉलर, मग त्याला उठवणाऱ्या गोष्टी, मग ब्राउझर आणि सगळ्यात शेवटी उरलेला कचरा, हा क्रम पाळायचा. तुमच्याकडून कचऱ्याचं काम आधी झालं, एवढंच.

सुरुवात करण्यापूर्वी तीन गोष्टी. निकाल आणि नंबरांच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. फक्त फायली घ्या, डाउनलोड केलेले इन्स्टॉलर नकोत. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून सी ड्राइव्हसाठी संरक्षण चालू आहे का पाहा. पुष्कळ मशीनवर ते बंदच असतं. चालू करून एक रिस्टोअर पॉइंट तयार करा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला आजच्या स्थितीत परत आणता येतं. तिसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, आणि ती फार महत्त्वाची आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या विंडोज ११ लॅपटॉपवर बऱ्याचदा डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. पुढे सेफ मोडमध्ये (गरजेपुरत्याच गोष्टींवर विंडोज चालतं तिथे) जायची वेळ आली तर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून त्या खात्यात जाऊन ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. की न सापडल्यामुळे सगळ्या फायलींवर पाणी सोडावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि सध्या पाऊस आहे, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. लॅपटॉपची बॅटरी भरून घ्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये.

आता रिसायकल बिन उघडा. तुम्ही उडवलेला फोल्डर तिथे असेल तर त्यावर राइट क्लिक करून ‘रिस्टोअर’ करा. उलटं वाटेल, पण कारण आहे. सेटिंग्जमध्ये दिसणारी ॲप्सची यादी रजिस्ट्रीतल्या नोंदींवरून बनते आणि प्रत्येक नोंदीत अनइन्स्टॉलर कुठे आहे त्याचा पत्ता असतो. तो अनइन्स्टॉलर बहुधा ॲपच्या फोल्डरमध्येच असतो. फोल्डर गेला की ‘अनइन्स्टॉल’ दाबून नुसती एरर येते. फोल्डर परत आला की ॲपला त्याच्याच दाराने बाहेर काढता येतं.

मग सेटिंग्ज, ॲप्स, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ असं जा. विंडोज १० वर याच पानाला ‘ॲप्स अँड फीचर्स’ म्हणतात. तिथे यादी नावाऐवजी इन्स्टॉलच्या तारखेनुसार लावा. या कामातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी युक्ती हीच. ज्या दिवशी ते टायपिंगचं सॉफ्टवेअर आलं, त्या दिवशी आणखी काय काय आलं ते एका नजरेत दिसतं. अशी ॲप्स क्वचितच एकटी येतात. क्लीनरबरोबर एखादं कूपन दाखवणारं, एखादा अनोळखी ब्राउझर, एखादं ‘ड्रायव्हर अपडेटर’ सापडतं. मात्र एखाद्या जुन्या, चांगल्या प्रोग्रॅमने त्या दिवशी अपडेट घेतलं असेल तर त्याचीही तारीख तीच दिसू शकते, म्हणून नाव वाचल्याशिवाय हात लावू नका. ज्याची ओळख पटत नाही त्याचं नाव आधी इंटरनेटवर शोधा.

अनइन्स्टॉल करताना डोळे उघडे ठेवा. ही ॲप्स जाताना बटणांचा खेळ करतात. मोठं रंगीत बटण ‘ठेवा’ किंवा ‘दुरुस्त करा’ असं असतं, आणि खरं काढायचं बटण बारीक, करड्या अक्षरांत कोपऱ्यात असतं. मध्येच अर्ध्या किमतीची ऑफर येते, ‘का काढताय’ असा प्रश्न येतो. घाईने एंटर दाबलं की ॲप राहून जातं. सगळं झालं की मशीन रीस्टार्ट करा; शटडाउन करून पुन्हा चालू करणं आणि रीस्टार्ट हे विंडोजमध्ये एकसारखं नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असलं तर शटडाउनमध्ये सिस्टिमचा काही भाग जतन होऊन तोच परत येतो.

रिसायकल बिन आधीच रिकामं केलं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सपोर्ट साइटवर, प्रोग्रॅम इन्स्टॉल किंवा अनइन्स्टॉल होत नसतील तर वापरायचा मोफत ट्रबलशूटर मिळतो, तो चालवा. त्याने नाही जमलं तर रेव्हो अनइन्स्टॉलर किंवा बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर. दुसरं ओपन सोर्स आहे आणि मी तेच जास्त वापरतो. दोन्ही मूळ साइटवरूनच घ्या. शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक केलंत तर एक काढायला जाऊन दुसरं घ्याल.

आता मुख्य भाग, ॲपला पुन्हा उठवणाऱ्या गोष्टी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘स्टार्टअप ॲप्स’ पाहा. अनोळखी नावं ‘डिसेबल’ करा. पण बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात, कारण या यादीत शेड्युलरमधली कामं आणि सर्व्हिसेस दिसत नाहीत. स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ शोधा, डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक करा. प्रत्येक ओळीच्या ‘ट्रिगर्स’मध्ये ते कधी चालतं ते कळतं आणि ‘ॲक्शन्स’मध्ये नेमकी कोणती फाइल चालते ते. काढलेल्या ॲपच्या फोल्डरकडे, किंवा ॲपडेटातल्या अर्थहीन अक्षरांच्या नावाच्या फायलीकडे बोट दाखवणारं, लॉगिनला किंवा दर तासाला चालणारं काम दिसलं, तर तुमचा चोर बहुधा तोच. आधी डिसेबल करा, रीस्टार्ट करून एक दिवस वापरा, सगळं नीट असेल तर डिलीट करा. मायक्रोसॉफ्ट नावाच्या उपफोल्डरमधल्या कामांना हात लावायचा नाही. गूगल, ॲडोबी, लॅपटॉपची कंपनी यांचे अपडेटरही इथे असतात. तेही राहू द्या.

हे सगळं एका जागी पाहायचं असेल तर ऑटोरन्स वापरा. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन आहे. तो संच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला आणि ऑटोरन्स आजही त्यांच्याच साइटवर मोफत मिळतं. ते इन्स्टॉल करावं लागत नाही. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे यादी आवाक्यात येते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही. तुम्ही फोल्डर उडवल्यामुळे अशा काही दिसतील. गुलाबी ओळीची फाइल कोणत्या कंपनीची ते डिजिटल सहीवरून पटत नाही. ती वाईटच असेल असं नाही, पण नीट पाहावी. इथेही आधी फक्त टिक काढायची. टिक परत लावता येते, डिलीट केलेली नोंद परत येत नाही.

क्रोममध्ये चार जागा तपासा. एक्स्टेन्शन्समधून अनोळखी सगळं काढा. सर्च इंजिन आणि ‘ऑन स्टार्टअप’ दुरुस्त करा. मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ असं जाऊन भलत्या साइट्सना दिलेली परवानगी काढा. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात येणाऱ्या ‘व्हायरस सापडला’च्या सूचना कित्येकदा कुठल्याच ॲपच्या नसतात. कुठल्यातरी साइटवर नकळत ‘अलाउ’ दाबलेलं असतं आणि ती साइट सूचना पाठवत राहते. चौथी जागा म्हणजे क्रोमचा शॉर्टकट. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘टार्गेट’ची ओळ पाहा. शेवटी एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच खोडा. एवढं करूनही सर्च बदललेलंच राहिलं तर क्रोमच्या सेटिंग्जमधलं ‘रीसेट सेटिंग्ज’ वापरा. त्यात एक्स्टेन्शन्स बंद होतात, कुकीज जातात, पण बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात.

एक्स्टेन्शनला काढायचं बटणच नसेल आणि ते ॲडमिनिस्ट्रेटरने घातल्याचं क्रोम सांगत असेल, तर नको असलेल्या ॲपने रजिस्ट्रीत क्रोमची पॉलिसी, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता न येणारा नियम, लिहून ठेवलेली असण्याची शक्यता मोठी. लॅपटॉप शिक्षण खात्याने किंवा संस्थेने दिलेला असेल तर मात्र ती पॉलिसी त्यांची असू शकते, आधी विचारा. तुमचा स्वतःचा असेल तर मालवेअरबाइट्सचं ॲडडब्ल्यूक्लीनर वापरा. तेही मोफत आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या पॉलिसी काढायची सोय आहे. आणि एक्स्टेन्शन काढूनही परत येत असेल तर शाळेतल्या दुसऱ्या संगणकावर तुमचं तेच गूगल खातं चालू आहे का पाहा. सिंकमधून ते तिथून इथे येतं. दोन्हीकडे काढावं लागेल.

ॲप गेल्यावर इंटरनेटच बंद पडलं, असंही होतं. घाबरू नका. सेटिंग्ज, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘प्रॉक्सी’मध्ये जाऊन मॅन्युअल प्रॉक्सी चालू आहे का पाहा. ॲपने सगळा ट्रॅफिक स्वतःमधून फिरवलेला असतो. ॲप जातं, पत्ता मागे राहतो. ते बटण बंद केलं की काम होतं.

आता स्कॅन. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘स्कॅन ऑप्शन्स’, त्यात ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणारं काही असेल तर तेही सापडू शकतं. साधारण १५ मिनिटं लागतात. त्याच विंडोज सिक्युरिटीत ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ आहे. त्यातलं नको असलेली ॲप्स अडवणारं बटण चालू असलंच पाहिजे.

उरला कचरा. विंडोज की आणि आर दाबून रन उघडा, टक्क्याची खूण, इंग्रजीत ॲपडेटा, पुन्हा टक्क्याची खूण असं मध्ये जागा न सोडता टाइप करा. रोमिंग फोल्डर उघडेल. एक पायरी वर गेलात की लोकल दिसेल. दोन्हीत आणि प्रोग्रॅमडेटामध्ये त्या ॲपच्या नावाचा फोल्डर असेल तर उडवा. फोल्डर कंपनीच्या नावाने असेल तर आत पाहा. त्याच कंपनीचं तुम्हाला हवं असलेलं काही त्यात असू शकतं. ‘फाइल वापरात आहे’ म्हणून नकार आला तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, आणि ४ दाबून सेफ मोडमध्ये जाऊन उडवा. सेफ मोड फोल्डर काढायला चांगला, पण विंडोज इन्स्टॉलरने बसवलेली ॲप्स तिथे सहसा अनइन्स्टॉल होत नाहीत, कारण ती सेवाच तिथे बंद असते.

विंडोज फोल्डरच्या आत ‘इन्स्टॉलर’ नावाचा लपलेला फोल्डर असतो. तो कित्येक जीबी जागा खातो म्हणून लोक उडवतात. कृपा करून उडवू नका. इतर प्रोग्रॅम अपडेट किंवा अनइन्स्टॉल करायला त्यातल्याच फायली लागतात. रजिस्ट्रीबद्दलही माझं मत स्पष्ट आहे: वरचं सगळं झाल्यावर तिथे हात घालायची तुम्हाला गरज नाही. रजिस्ट्री क्लीनर तर नकोच. मायक्रोसॉफ्ट स्वतः त्यांच्या वापराला पाठिंबा देत नाही, आणि तुमच्या गळ्यात पडलेलं ॲप हे त्याच जातीचं आहे.

अँटिव्हायरसची गोष्ट वेगळी, म्हणून थोडक्यात. लॅपटॉपबरोबर आलेलं ट्रायल अँटिव्हायरस संपलं आणि त्यावर दुसरं घातलं की मशीन रांगायला लागतं. म्हापशाच्या एका अकाउंटंटच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न भरायच्या दिवसांत हेच झालं होतं. पहिलं अनइन्स्टॉल केलेलं होतं, पण त्याचा ड्रायव्हर मागे राहून प्रत्येक फाइल उघडताना आडवा येत होता. अँटिव्हायरस विंडोजच्या गाभ्याजवळ ड्रायव्हर बसवतो, म्हणून मोठ्या कंपन्या स्वतःचं खास रिमूव्हल टूल देतात. सेटिंग्जमधून काढल्यावर तेही चालवायचं.

तुम्ही किंवा शाळेतल्या कोणी त्या क्लीनरला आधीच पैसे भरले असतील, तर ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. पुढच्या वर्षी ती आपोआप कापली जाईल. यूपीआयने भरले असतील तर तुमच्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द करा. कार्डाने भरले असतील तर बँकेकडे ई-मँडेट रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, तो मेसेज दुर्लक्षू नका.

आणि त्या ॲपने दाखवलेल्या नंबरावर कोणी फोन केला असेल, समोरच्याने एनीडेस्कसारखं काही घालायला लावून लॅपटॉप स्वतःच्या ताब्यात घेतला असेल, तर आधी वायफाय बंद करा. ते ॲप काढणं नंतर. दुसऱ्या फोनवरून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. रायबंदरला गोवा पोलिसांचं सायबर क्राइम पोलीस स्टेशन आहे, तिथेही तक्रार देता येते. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच रोखले जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. अशा वेळी, किंवा ऑफलाइन स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणारं काही सापडलं, किंवा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर चालूच होत नसेल, तर मात्र मी साफसफाईत वेळ घालवत नाही. फायली बाहेर घेऊन विंडोज नव्याने घालतो.

आता मुळाशी येऊ. तुम्हाला मराठी टाइप करायचं होतं. गूगलने विंडोजसाठीचं आपलं ऑफलाइन इनपुट टूल केव्हाच बंद केलं, पण लोक अजून ते शोधतात आणि जुन्या फायलींच्या नावाखाली भलतंच वाटणाऱ्या साइट्सवर पोचतात. चवथीच्या आधी भजनी मंडळाची पत्रकं करायची वेळ आली की माझ्याकडे असे लॅपटॉप हमखास येतात. खरं तर डाउनलोड करायची गरजच नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. सेटिंग्ज, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज अँड रीजन’ असं जाऊन मराठी भाषा जोडा, तिच्यासमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घाला. विंडोज की आणि स्पेसबार दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांसाठी तोही तिथेच आहे.

निर्मला यूआय हा देवनागरीचा फॉन्ट विंडोजमध्ये असतोच. आणखी वळणदार फॉन्ट हवे असतील तर गूगल फॉन्ट्सवर बलू, तिरो देवनागरी मराठी असे मोफत मिळतात. फॉन्ट टीटीएफ किंवा ओटीएफ फायलीत येतो, फार तर झिपमध्ये गुंडाळलेला. फॉन्ट म्हणून एखाद्या साइटने ईएक्सई फाइल दिली, तर ती न उघडता तशीच डिलीट करा.